नियमित हजर

विश्रांतवाडी, पुणे
५ मे २०२४

ती. श्यामलाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पाकीट परवा मिळालं. त्यात माझं मागचं पत्रही होतं, नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासलेलं. नऊ चुका, आणि शेवटी 'अक्षर घाईचे' असा शेरा. उत्तरेश्वर म्हणतो, पत्राच्या उत्तराआधी पत्राचा निकाल येणारी मुलगी साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल. उत्तरेश्वर म्हणजे वारज्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो तो, केजकडचा. पुढच्या वर्षी त्यालाही बाहेर शिकायला जायचं आहे.

आता बातमी. फोनवर सांगायला गेले असते तर 'प्रवेश'मधल्या 'प्र'वरच अडकले असते, म्हणून लिहिते. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात मला भूजलाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. ते पत्र मी सात वेळा वाचलं. दुसऱ्या कुणाचं चुकून माझ्याकडे आलं नाही ना, याची खात्री होईना.

पण प्रवेश मिळाला म्हणजे गेले असं नाही. तिथली फी आपल्या घराच्या हिशेबात बसणारी नाही. सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली तर विमानाच्या तिकिटासकट सगळं त्यात होतं. नाही मिळाली तर ते पत्र फाइलमध्ये राहील आणि मी वारज्यात. विद्यापीठ माझी जागा ३१ जुलैपर्यंत राखून ठेवणार आहे.

अर्ज सतरा पानांचा आहे. तेरा रकाने भरले आणि चौदाव्यावर चार दिवस अडून बसले आहे. 'इयत्ता पहिलीपासूनचा शैक्षणिक तपशील : शाळेचे नाव, कालावधी, पुरावा.' मी लिहिणार होते, पहिली ते चौथी घरी, आत्याकडे. पाचवीपासून तुमसरच्या शाळेत. पण कागद लावताना एक दाखला सापडला. पाचवीत नाव घालताना बाबांनी दिलेला असावा. मी तो कधी नीट वाचलाच नव्हता. त्यावर तुझ्या बेलटोल्याच्या शाळेचा शिक्का आहे आणि तुमचे मुख्याध्यापक ज्ञानदेवगुरुजी यांची सही. 'इयत्ता पहिली ते चौथी. उपस्थिती : नियमित हजर. वाचन : उत्तम, आवाज स्पष्ट.'

आत्या, आवाज स्पष्ट! माझा! मला स्वतःचं नाव सांगायला अर्धं मिनिट लागतं. गुरुजींच्या हातून कुणा दुसऱ्याच मुलीचं माझ्या नावावर लिहिलं गेलं असणार. ते आता हयात नाहीत, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं.

सगळं खरं आहे असं प्रतिज्ञापत्र स्टँपपेपरवर द्यायचं आहे. चौदाव्यात काय लिहू?

तुझी,
प्रियदर्शनी


करंजटोला, ता. तुमसर
१४ मे २०२४

चि. प्रियदर्शनी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. प्रवेशाचे वाचून आनंद झाला. तुझ्या आईने गल्लीत साखर वाटली. कशाबद्दल म्हणून विचारले की सांगते, 'पोरगी पाण्याचं शिकाले विलायतेले चालली.' समोरचा धोंडिबा म्हणाला, 'पाण्याचं काय शिकाचं वो वहिनी? नळ येते कवा, तेवढं शिकून आली तं बरं.' तुझ्या बाबांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली.

यंदा आंबा कमी आहे. लोणच्याची बरणी कोणाबरोबर तरी पाठवीन.

चौदाव्या रकान्यात दाखल्यात आहे ते लिही. सरकार पुरावा वाचते, आठवणी वाचत नाही. फार विचार करत बसू नकोस, तो तुझा जुना दोष आहे.

तुझे पत्र तपासून सोबत पाठवले आहे.

तुझी,
श्यामलाआत्या


विश्रांतवाडी, पुणे
२६ मे २०२४

ती. श्यामलाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं, आणि तपासलेलंही. या वेळी लाल शाई फार कमी. फक्त 'घरी, आत्याकडे' या शब्दांखाली एक लांब रेघ आहे, शेरा नाही. मी ती रेघ बराच वेळ पाहत होते. मला वाटलं, तुला ते शब्द आवडले. तू तोंडाने कधी म्हणणार नाहीस, पण आवडले.

म्हणून मी तुझं ऐकलं नाही. अर्जात खरं लिहिलं : 'इयत्ता पहिली ते चौथी : घरी शिक्षण, आत्या श्रीमती श्यामला लांजेवार (प्राथमिक शिक्षिका) यांच्याकडे. सोबतच्या दाखल्यातील नोंद चुकीने झालेली दिसते.'

रागावू नकोस. दुसरीत असताना 'आमची गाय' हा निबंध मी लिहिला होता, आठवतं का? धोंडिबाकाकांची गाय आमची म्हणून लिहिली होती, तिच्या कपाळावरच्या चंद्रासकट. तू तो फाडलास आणि 'आमच्याकडे गाय नाही' या विषयावर दहा ओळी लिहून घेतल्यास. त्या दहा ओळी मला अजून पाठ आहेत. स्टँपपेपर समोर असताना मी दुसरं काय लिहिणार होते?

शिवाजीनगरला कोर्टाजवळ नोटरीकडे गेले. श्यामकाका म्हणून आहेत, सदाशिव पेठेतले, सगळे त्यांनाच गाठतात. मी प्रतिज्ञापत्र पुन्हा पुन्हा वाचत होते तर म्हणाले, 'अहो बाई, आपण लग्न करताय का त्या कागदाशी?' मी अडखळत विचारलं, मजकूर तुम्ही तपासता का? चष्म्यावरून पाहत म्हणाले, 'सही आपली आहे एवढं मी सांगतो. मजकूर खरा आहे की नाही, ते देव आणि सरकार बघून घेतील. दोघांनाही घाई नसते.'

पण घाईने का होईना, अर्ज वेळेत पोचला. शिष्यवृत्तीच्या कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने चौदाव्या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

आत्या, आज फार हलकं वाटतं आहे.

तुझी,
प्रियदर्शनी


करंजटोला
३ जून २०२४

चि. प्रियदर्शनी हिस आशीर्वाद.

कोणाला विचारून लिहिलेस? मी स्पष्ट लिहिले होते, दाखल्यात आहे ते लिही. आपली अक्कल चालवायची जागा ही नव्हती. अर्ज मागे घेऊन दुरुस्त करता येतो का ते ताबडतोब बघ आणि मला कळव.

रेघ ओढली होती ती तू ते वाक्य खोडावेस म्हणून.

तुझे पत्र या वेळी तपासलेले नाही.

श्यामलाआत्या


विश्रांतवाडी, पुणे
१ जुलै २०२४

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. अर्ज मागे घेता येत नाही. आणि यादी लागेपर्यंत तुला त्रास देऊ नये असं वाटलं.

यादी शुक्रवारी लागली. माझं नाव सातवं आहे. मुख्य यादीत, आत्या, प्रतीक्षा यादीत नाही. उत्तरेश्वरने प्रयोगशाळेत सगळ्यांना चहा पाजला आणि मला म्हणाला, 'लांजेवार, तिकडच्या थंडीत तुझं बोलणं गोठलं तर काय करशील?' मी म्हटलं, लिहीन. त्या दिवशी मंडईत जाऊन उगीचच दोन तास फिरले. काहीच घेतलं नाही. लिंबंसुद्धा नाही.

आणि आज हे आलं आहे. जसंच्या तसं उतरवते :

'आपण अर्जाच्या रकाना क्र. १४ मध्ये इ. १ ली ते ४ थी घरी शिक्षण घेतल्याचे नमूद केले आहे. तथापि सोबत जोडलेल्या दाखल्यानुसार आपण सदर कालावधीत शाळेत नियमित हजर असल्याचे दिसून येते. सदर विसंगतीबाबत लेखी खुलासा दि. १० जुलैपर्यंत सादर करावा. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपली निवड रद्द समजण्यात येईल.'

खिडकीवर गेले. तो माणूस वाईट नाही. म्हणाला, 'ताई, शाळेचं रजिस्टर आम्ही तालुक्याला मागवतोच. तुम्ही फक्त काय ते एकदा ठरवा.' जणू काही खरं ठरवायचं असतं.

तिथून आल्यावर मी तुला तीन वेळा फोन केला. आईने उचलला. म्हणाली, आत्या वावरात गेल्या. मागे तुझा खोकला ऐकू आला, आत्या. तो मी ओळखते. चार वर्षं त्याच्या शेजारी बसून बाराखडी गिरवली आहे.

माझं नाव त्या रजिस्टरमध्ये का आहे? ती गुरुजींची चूक होती की नाही, एवढंच सांग. नऊ दिवस आहेत.

तुझी,
प्रियदर्शनी


करंजटोला
४ जुलै २०२४
(स्पीड पोस्टाने)

चि. दर्शू,

गुरुजींची चूक नव्हती.

तू सहा वर्षांची असताना मी तुला माझ्याच शाळेत घातले होते. आपल्या गावात शाळा असताना चार मैलांवर बेलटोल्याला कशाला, असे सगळे म्हणाले, पण तुला मी माझ्याजवळच ठेवणार होते. अकरा दिवस तू सायकलच्या दांडीवर बसून आलीस. बाराव्या दिवशी तपासणीला साहेब आले. त्यांनी तुला नाव विचारले. तू 'प'वर थांबलीस. मुले हसली. साहेबही हसले आणि मला म्हणाले, 'बाई, भाचीला नाव सांगता येईना, बाकीच्यांना काय शिकवता?' त्या रात्री तू अंथरूण ओले केलेस. दुसऱ्या दिवसापासून मी तुला नेले नाही. तुला यातले काही आठवत नाही, ते मी बरे समजत आले.

पण तुझे नाव कमी केले नाही. तुझ्यासकट पट वीस होता. वीसच्या आत गेला तर शाळा दुसरीकडे जोडतील, अशी तेव्हा बोलवा होती. मग त्या वीस घरांतल्या मुलींना नाल्यापलीकडे कोण पाठवणार होते? आणि दुसरे कारण आहे, तेही लिहिते. त्या वर्षी शाळेत न जाणारी मुले शोधून त्यांची यादी करायचे काम माझ्याकडे होते. शाळाबाह्य मुले म्हणतात त्यांना. दारोदार जाऊन मी लोकांना बोलत होते, पोरीला घरी का ठेवली म्हणून. त्या यादीत माझ्याच घरातले नाव कसे घालू?

म्हणून रोज तुझ्या नावापुढे 'हजर' मांडत गेले.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर महिपती नावाचा माणूस बिऱ्हाड घेऊन आला. त्याची मुलगी नम्रता, तुझ्याच वयाची. शाळेच्या दारात येऊन उभी राहायची. पट ठरवायची तारीख उलटून गेली होती आणि तिच्याजवळ जन्माचा कागद नव्हता. गुरुजी म्हणाले, 'बाई, बसू द्या तिला तिथे.' तिथे म्हणजे तुझ्या जागेवर. वर्ष संपले की तिचे नाव घालू असे आम्ही म्हटले. पुढच्या वर्षी घातले नाही. दोन मुली आणि एक जागा, हे कोणाला समजावून सांगायचे? चार वर्षे ती तुझ्या नावाला 'हजर' म्हणाली, तुझ्या नावाची खिचडी जेवली. साहेब आले की उभी राहून खणखणीत सांगायची, 'प्रियदर्शनी दशरथ लांजेवार.' आवाज स्पष्ट तो तिचा.

तिसरीच्या जूनमध्ये तू दप्तर भरून ओट्यावर बसली होतीस, मला ने म्हणून. मी म्हटले, अजून तुझी जीभ सुटली नाही. तेव्हा ती बरीच सुटली होती. पण एका नावाच्या दोन मुली एका वर्गात मी कशा बसवू?

मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी शाळा बंद झाली. पट सहा होता.

आता नीट ऐक. खुलासा एका ओळीचा दे : 'घरी शिक्षण असे नजरचुकीने लिहिले गेले. मी बेलटोला शाळेत नियमित जात होते.' तुझी जागा राहील आणि माझ्या पेन्शनकडे कोणी वळून बघणार नाही. खोटे लिही असे मी तुला आयुष्यात पहिल्यांदा सांगते आहे. या वेळी माझे ऐक.

तुझी,
आत्या


विश्रांतवाडी, पुणे
१० जुलै २०२४

आत्या,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी ते तपासलं. एकही चूक नाही.

दोन खुलासे लिहिले होते. एक तुझा, एका ओळीचा. तो लिहायला एक मिनिट लागलं, अक्षरही सुंदर आलं. दुसरा लिहायला दोन दिवस लागले. आज सकाळी कार्यालयाच्या पायरीवर दोन्ही मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी दुसरा दिला.

घाबरू नकोस. नम्रताचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही, साहेबांचं किंवा पटाचंही नाही. जेवढं माझं तेवढंच लिहिलं : 'माझे नाव शाळेच्या पटावर होते, परंतु बोलण्यातील अडचणीमुळे मी शाळेत जात नव्हते. मला माझ्या आत्याने घरी शिकवले.' बोलण्याची अडचण सरकारला लिहून द्यायची नव्हती, आत्या. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत मी ती सगळी ताकद लावून लपवली होती. पण तुझ्यावर कमीत कमी यावं म्हणून ती पुढे केली.

तुला यांच्याकडून विचारणा येईल. बोलताना अडखळणाऱ्या मुलीला घरी शिकवलं, नाव कमी करायचं राहून गेलं, एवढंच सांगितलंस तर फार होणार नाही असं खिडकीवरचा माणूस म्हणतो. निवृत्त शिक्षिकेच्या मागे इतक्या वर्षांनी कोण लागतं? मला तुझ्याकडून एकच वाक्य हवं आहे. मी हिला शिकवलं, असं म्हण. दुपारी तीन ते सहा, ओट्यावर, कोळशाने फरशीवर अंक काढून. माझ्याकडे जे काही आहे ते तिथून आलेलं आहे. त्याला तू नाही म्हणू नकोस.

मी अजून रागावलेली आहे. दप्तर भरून बसले होते ते मला आठवतं. त्यात पाटी, एक पेरू आणि आईची जुनी पर्स होती. मला वाटायचं, माझ्यासाठी तू मला घरी ठेवलंस.

नम्रता आता कुठे आहे?

प्रियदर्शनी


करंजटोला
१५ जुलै २०२४

चि. दर्शू,

तुझे पत्र काल, रविवार असूनही, पोस्टमन घरी येऊन देऊन गेला. एक दिवस आणखी लागला असता तरी फरक पडला नसता.

शुक्रवारी पंचायत समितीत बोलावले होते. पुण्याहून ईमेल आला म्हणाले. टेबलावर आपल्या शाळेची चार हजेरीपुस्तके काढून ठेवली होती. मी पंधरा वर्षांनी माझे अक्षर पाहिले. साहेब तरुण होते, खुर्ची दिली, 'मॅडम, आपण बसा' म्हणाले. तुझ्या नावापुढे एकही खाडा नव्हता. ते म्हणाले, 'कमाल आहे, एवढी नियमित मुलगी!' मग विचारले, हिला घरी शिकवल्याचे काही आहे का?

मला वाटले, तू माझ्या ओळीचा खुलासा दिला असशील. माझा शब्द तू कधी मोडला नाहीस. तुझ्या-माझ्या लिहिण्यात फरक पडू नये म्हणून मी लिहून दिले : 'सदर विद्यार्थिनी चारही वर्षे माझ्या वर्गात नियमित हजर होती. मी तिला घरी शिकवलेले नाही.' खाली सही केली.

काल तुझे पत्र वाचले तेव्हा आई भाकरी टाकत होती. तिने विचारले, काय लिहिते पोरगी? मी म्हटले, सगळे ठीक आहे.

आता जाऊन बदलून देता येईल. रात्रभर तोच विचार केला. पण मग चार वर्षांची हजेरीपुस्तके खोटी ठरतात आणि शुक्रवारची सहीही खोटी ठरते. मी भिते, दर्शू. या घरात माझे म्हणून काही आहे ते पेन्शन आहे. तू म्हणशील तर जाईन. तू सांग, मी जाते.

नम्रता कुठे आहे मला ठाऊक नाही. चौथीनंतर भट्टी उठली. जाताना ती दाखला मागायला आली होती. मी म्हटले, पुढच्या आठवड्यात ये. ती तीन वेळा आली.

आत्या


विश्रांतवाडी, पुणे
१८ मे २०२५

आत्या,

तुझी मधली पाच पत्रं मिळाली. वाचली. उत्तर दिलं नाही.

'तू सांग, मी जाते' असं तू लिहिलं होतंस. दोन दिवस मी ते वाक्य घेऊन वारज्याच्या बसमध्ये चढत-उतरत होते. मी सांगितलं असतं तर तुझं पेन्शन मी घालवलं असतं. नाही सांगितलं तर माझी जागा मीच घालवली. दोन्हींत करणारी मी. तू तेवढी जायला तयार. फळ्यावर गणित लिहून देऊन तू स्वयंपाकघरात जायचीस, तसं.

बाबांना मी सांगितलं की जागा कमी झाल्या. तुला आदेश कधी पाठवला नाही. आता पाठवते, कारण तो तुझ्याकडे असायला हवा. तारीख २९ जुलै :

'शालेय अभिलेख व संबंधित सेवानिवृत्त शिक्षिकेचा लेखी जबाब पाहता अर्जदार सदर कालावधीत शाळेत नियमित हजर होत्या, हे सिद्ध होते. सबब, घरी शिक्षण घेतल्याबाबत प्रतिज्ञापत्रावर असत्य माहिती सादर केल्याने अर्जदाराची निवड रद्द करण्यात येत आहे. तसेच अर्जदारास पुढील तीन वर्षे अर्ज करता येणार नाही.'

असत्य माहिती, आत्या. मी. खिडकीवरच्या माणसाने कागद देताना नजर वर केली नाही. म्हणाला, 'ताई, कशाला लिहिलंत हो? कोण वाचतं पहिली ते चौथी?' घरी आल्यावर मी तो आदेश तुझ्यासारखा लाल पेन घेऊन तपासायला बसले. त्यात चूक सापडली नाही. त्यांच्याकडे चार पुस्तकं, एक जबाब, दोन सह्या. माझ्याकडे आठवण. आमच्याकडे गाय नाही.

विद्यापीठाने १ ऑगस्टला दोन ओळींचं पत्र पाठवलं, फार सभ्य. प्रतीक्षा यादीतला पहिला मुलगा गेला. त्याचा राग नाही. तो शाळेत गेला असेल.

मी आहे तिथेच आहे. बोअरच्या पाण्याच्या बाटल्या येतात, त्यांवर गावाचं नाव लिहिलेलं असतं, मी आकडे काढते. मागच्या महिन्यात तुमसर तालुक्यातल्या चार बाटल्या होत्या. एकीवर बेलटोला. तिथे शाळा नाही, पण बोअर आहे. मी कधीकधी नम्रताचा विचार करते. सरकारदरबारी मी चार वर्षं नियमित हजर होते, हे आता सिद्ध झालं आहे. म्हणजे ती तिथे कधीच नव्हती, हेही झालं. तिला शोधून काढावं असं वाटलं होतं. मग विचार केला, भेटून काय देणार? माझ्या नावाचा दाखला?

खरं तर हे पत्र एवढ्यासाठी लिहिलं नाही. काल एक गोष्ट झाली, आणि ती तुझ्याखेरीज कुणाला कळणार नाही.

या वर्षीचे अर्ज निघाले आहेत. उत्तरेश्वरला हॉलंडमध्ये प्रवेश मिळाला आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा बाजूला सारून तो सतरा पानांचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तो त्यांच्याबरोबर उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. वर्षातले सहा महिने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिथे मुकादमाच्या म्हाताऱ्या बापाने त्याला वाचायला शिकवलं, त्याचं तो फार प्रेमाने सांगतो. दाखल्यावर पहिली ते सातवी, सातही वर्षं नियमित हजर.

म्हणाला, 'लांजेवार, या रकान्यातली आख्ख्या पुण्यात तू एकच जाणकार. बोल, चौदाव्यात काय लिहू? म्हाताऱ्याचं नाव घालावंसं वाटतं गं. तेवढंच त्याचं कुठंतरी नाव लागंल.'

तो हसत होता, पण खरंच विचारत होता. पेन उघडून बसला होता. त्या म्हाताऱ्याचं नाव मला माहीत आहे. रकान्यात ते बसलं असतं.

मी म्हटलं, 'दाखल्यात आहे ते लिही.'

म्हणाला, 'आन् म्हातारा?'

मी म्हटलं, 'सरकार पुरावा वाचतं, आठवणी वाचत नाही.'

त्याने लिहिलं. अर्ज वेळेत जाईल. त्याची निवड होईल, व्हावी.

हे पत्र तपासून परत पाठवू नकोस. फक्त एवढं वाच. 'पुरावा'मध्ये 'प' आहे, आत्या. मी अडखळले नाही.

प्रियदर्शनी